जठराचा कर्करोग: अहवालातले कोणते निर्देशक खरोखर उपयोगाचे?

गडनदी (कणकवली)

नमस्कार. माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाला, आमच्या आबाकाकांना, जठराच्या खालच्या भागात कर्करोग असल्याचे एंडोस्कोपीतून निदान झाले आहे. बायोप्सीच्या अहवालात 'अ‍ॅडिनोकार्सिनोमा, इंटेस्टायनल प्रकार' असे लिहिले आहे. सीटी स्कॅनमध्ये जठरालगतच्या काही लसिकाग्रंथी वाढलेल्या दिसतात, परंतु यकृत आणि फुप्फुसे स्वच्छ आहेत. काकांचे वय सत्तरीच्या पुढे असले तरी ते अजून स्वतः बागेत हिंडतात. पुढील उपचार मुंबईला घ्यायचे ठरले असून त्याआधी बायोप्सीच्या ब्लॉकवर (मेणात जपलेल्या तुकड्यांवर) हर-२, एमएमआर, पीडी-एल१ आणि शक्य झाल्यास क्लॉडिन अशा गाठीतल्या प्रथिनांच्या तपासण्या करून आणा, असे सांगितले आहे.

दरम्यान माझ्या चुलतभावाने इंटरनेटवर शोध घेतला आणि त्याला शोधनिबंधांचा ढीगच सापडला. प्रत्येक निबंधात एखादे नवे प्रथिन, नवा आरएनए किंवा रक्तातील पेशींचे एखादे गुणोत्तर असते आणि त्यावरून रुग्ण किती काळ जगेल याचे भाकीत करता येते, असे म्हटलेले असते. काकांच्या रक्तातील सीईए (कर्करोगात वाढू शकणारे एक प्रथिन) थोडे वाढलेले आहे, एवढ्यावरून घरात सगळ्यांचा धीर सुटला आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. या निर्देशकांपैकी कोणते असे आहेत की ज्यांच्यामुळे डॉक्टरांचा निर्णय खरोखर बदलतो? आणि सगळ्या तपासण्या एकदम परवडणार नसतील, तर आधी कोणती करावी?

वाशिष्ठी (चिपळूण)

गडनदीताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि असे ब्लॉक रोज हाताळते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तुमच्या भावाला सापडलेले निबंध आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काही निर्देशक, उपचार कोणताही दिला तरी आजाराचा कल कसा राहील, एवढेच सांगतात. काही निर्देशक मात्र अमुक औषध या गाठीवर चालण्याची शक्यता आहे की नाही, हे सांगतात. पहिल्या गटात आजवर शेकडो नावे सुचवली गेली आणि त्यांतली फारच थोडी प्रत्यक्ष रुग्णालयात पोचली. दुसरा गट लहान आहे, आणि तुमच्या यादीतील चारही नावे मुख्यतः त्या गटातली आहेत. हर-२ असेल तर ट्रास्टुझुमॅब, पीडी-एल१ पुरेसे असेल तर निव्होलुमॅबसारखी प्रतिकारशक्तीवर काम करणारी औषधे, क्लॉडिन १८.२ असेल तर झोल्बेटुक्सिमॅब, अशी त्यांची जोडी लागते. एमएमआर, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची तपासणी, दोन्ही गटांत बसते, आणि म्हणूनच तुमच्या काकांच्या बाबतीत ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

किती काळ, या प्रश्नाचे सर्वांत भक्कम उत्तर आजही जुन्याच गोष्टी देतात. गाठ जठराच्या भिंतीत किती खोल गेली आहे, किती लसिकाग्रंथींत पोचली आहे, शस्त्रक्रियेत ती कडांसह पूर्ण निघाली का आणि माणूस अंगाने किती सशक्त आहे, यांच्या पुढे जाईल असा एकही नवा निर्देशक मी पाहिलेला नाही. ग्रंथींच्या बाबतीत तर किमान १६ ग्रंथी काढून तपासल्या गेल्या पाहिजेत, असा संकेत आहे. त्याहून कमी मिळाल्या तर आजार प्रत्यक्षापेक्षा सौम्य टप्प्यातला दिसण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेनंतरचा अहवाल हातात आला की हा आकडा अवश्य पाहा.

सीईएबद्दल एवढेच सांगते, की ते धूम्रपानाने वाढते आणि यकृताच्या विकारांतही वाढते. सीए १९-९ हा रक्तातला तसाच दुसरा निर्देशक काविळीत वाढतो. उलट रक्तात लुईस प्रतिजन नसलेल्या लोकांच्या शरीरात ते जवळजवळ तयारच होत नाही, मग आजार कितीही पसरलेला असो. उपचारादरम्यान चढउतार पाहण्यासाठी हे आकडे कामाला येतात. एकदाच मोजलेल्या, थोड्याशा वाढलेल्या सीईएवरून कोणाचेही आयुष्य मोजू नये.

तेरेखोल (सावंतवाडी)

वाशिष्ठीताईंच्या म्हणण्याला माझ्या आईचा अनुभव जोडतो. तिचा आजार कळला तेव्हाच यकृतात पसरलेला होता. पहिल्या बायोप्सीवर हर-२ नकारार्थी आले. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी तुकडे फार कमी होते असे सांगून पुन्हा एंडोस्कोपी केली, अधिक तुकडे घेतले, आणि त्यांतल्या काहींत ते ठळकपणे सकारार्थी निघाले. त्यानंतर केमोबरोबर ट्रास्टुझुमॅब सुरू झाले आणि आईला असा काळ मिळाला, ज्यात तिने गणपतीला स्वतः उकडीचे मोदक केले.

डॉक्टरांशी बोलायला बसलो की आम्ही भावंडे पुन्हा पुन्हा किती दिवस, हेच विचारत असू. एकदा आईच आम्हाला थांबवून म्हणाली, "माका किती दिस आसत ता नको सांगा, खयचा औषद लागतला ता इचारा डॉक्टराक." त्या दिवसापासून आमचे प्रश्न बदलले.

पहिल्या वेळी तुकड्यांत ते का दिसले नाही, हे वाशिष्ठीताई किंवा आणखी कोणी जाणकार सांगू शकतील का?

वाशिष्ठी (चिपळूण)

तेरेखोलदादा, जठराच्या गाठीत हर-२ सगळीकडे सारखे पसरलेले नसते. एका कोपऱ्यात भरपूर असते आणि शेजारच्या भागात अजिबात नसते. दोनतीन तुकडेच मिळाले तर नेमका तो कोपरा हुकतो, म्हणून गाठीच्या निरनिराळ्या जागांवरून सहा ते आठ तुकडे घ्यावेत असे सुचवले जाते. दुसरे असे, की स्तनाच्या कर्करोगात पेशीच्या संपूर्ण कडेला रंग चढलेला पाहतात, तर जठरात तो बहुधा तळाला आणि दोन बाजूंना चढतो, इंग्रजी यू अक्षरासारखा. स्तनाचे निकष जठराला लावले तर खरे सकारार्थी रुग्ण सुटतात. त्यामुळे अहवालात जठराचे निकष वापरल्याचा उल्लेख आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

माडबन (राजापूर)

मी निवृत्त विज्ञानशिक्षक आहे, डॉक्टर नाही. परंतु पत्नीच्या आजारपणात मी बरेच वाचले आणि माझे मत थोडे वेगळे बनले आहे. ब्लॉक मुंबईला पाठवायचा, आठवडे वाट पाहायची, हजारो रुपये भरायचे, हे सगळ्यांना जमत नाही. याउलट साधी रक्ततपासणी तालुक्याच्या गावातही होते. त्यातल्या न्यूट्रोफिल पेशींना लिम्फोसाइट पेशींनी भागले तर जे गुणोत्तर मिळते, ते जास्त असेल तर जठराच्या कर्करोगात आयुर्मान कमी दिसते, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत आले आहे. तसाच जपानमधून आलेला पोषण निर्देशांक आहे: अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) दर डेसिलिटरमागे ग्रॅममध्ये घेऊन त्याला १० ने गुणायचे आणि त्यात लिम्फोसाइटच्या संख्येची ०.००५ पट मिळवायची. एवढ्या स्वस्तात माहिती मिळत असताना तिला दुय्यम का मानावे?

खाडीकाठ (दाभोळ)

माडबन सर, माझे काम संख्याशास्त्राचे असल्यामुळे या गुणोत्तराविषयी थोडी शंका मांडतो. ते अभ्यासांत आयुर्मानाशी निगडित दिसते, हे खरेच आहे. अडचण अशी, की किती म्हणजे जास्त याची सीमारेषा बहुतेक संशोधकांनी आपापल्या रुग्णांची माहिती पाहून नंतर आखलेली असते. एका निबंधात ती दोनच्या जवळ असते, तर दुसऱ्यात चार किंवा पाच. हातातल्या आकड्यांना सर्वांत शोभेल अशी रेषा ओढली की निकाल ठळक दिसणारच. त्यातच ज्यांचे निकाल ठळक, ते निबंध छापून येतात आणि बाकीचे कपाटात राहतात. अशा अभ्यासांनी काय काय उघड सांगितले पाहिजे, याचे 'रिमार्क' नावाचे निकष २००५ सालीच प्रसिद्ध झाले आहेत, तरी ते पाळले न जाण्याचे प्रमाण मोठे आहे.

शिवाय हे गुणोत्तर साध्या संसर्गाने वाढते आणि स्टेरॉइडच्या गोळीनेही वाढते. ज्या दिवशी रक्त दिले त्या दिवशी दाढ दुखत असेल, तरी आकडा हलू शकतो. हजार रुग्णांच्या गटाबद्दल ते काहीतरी सांगते, पण समोरच्या एका माणसाबद्दल फारच थोडे सांगते.

माडबन (राजापूर)

खाडीकाठ, सीमारेषेविषयीचा आपला आक्षेप योग्य आहे. तरीही अल्ब्युमिन मी सोडणार नाही, कारण ते कमी दिसल्यावर करण्यासारखे काहीतरी आपल्या हातात असते. जठराच्या रुग्णाला खाल्लेले पुढे सरकत नाही, दोन घासांत पोट भरते, वजन झपाट्याने उतरते. पत्नीच्या वेळी आहारतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेआधी लहान आतड्यात नळी घालून पोषण द्यायला लावले आणि त्यानंतर ती भूल व शस्त्रक्रिया सोसण्याइतकी सावरली. वाशिष्ठीताईंची जी कसोटी आहे, की निर्देशकामुळे निर्णय बदलला पाहिजे, त्या कसोटीला वजन आणि पोषण पूर्णपणे उतरतात. गडनदीताई, ब्लॉकचे अहवाल येईपर्यंतच्या दिवसांत काकांचे वजन दर आठवड्याला लिहून ठेवा आणि ते उतरत असेल तर मुंबईच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

सुरंगी (वेंगुर्ला)

मी फक्त आकड्यांविषयी बोलते. माझ्या यजमानांच्या आजारात कोणीतरी एका औषधाचा निबंध दाखवला, त्यात १३.८ महिने असे होते. त्या दिवसापासून मी घरातल्या कॅलेंडरवर महिने मोजू लागले, आणि चौदावा महिना लागला तेव्हा मला रात्रभर झोप नव्हती. यजमान त्यानंतरही पुष्कळ काळ होते. तो आकडा नेमका काय होता, हे मला तेव्हा कोणीही समजावून सांगितले नाही. इथे कोणी सांगाल का? माझ्यासारख्या आणखी कोणाला त्याची गरज असेल.

खाडीकाठ (दाभोळ)

सुरंगीताई, तो आकडा बहुधा 'टोगा' या चाचणीचा असावा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत पसरलेल्या आजाराचे, हर-२ सकारार्थी असे ५९४ रुग्ण होते. केमोबरोबर ट्रास्टुझुमॅब मिळालेल्यांचा मध्यांक १३.८ महिने, तर फक्त केमो मिळालेल्यांचा ११.१ महिने. मध्यांक याचा अर्थ सगळ्या रुग्णांना आयुष्याच्या क्रमाने ओळीत उभे केले तर अगदी मधल्या माणसाचा काळ. निम्मी माणसे त्याच्या अलीकडे असतात आणि निम्मी पलीकडे, आणि पलीकडच्यांची ओळ पुष्कळ लांबवर जाते. म्हणून मध्यांकाला मुदत समजू नये. तो दोन उपचारांची तुलना करण्यासाठी काढलेला असतो, आणि त्या कामात तो चोख आहे. त्याच चाचणीत ज्यांच्या गाठीत हर-२ भरपूर होते, त्यांचा मध्यांक ११.८ वरून १६ महिन्यांवर गेला, म्हणजे निर्देशक जितका ठळक तितका औषधाचा फायदा मोठा, हे त्यातून दिसले.

चौदाव्या महिन्याचा तो भार तुम्हाला एकट्याने वाहावा लागला, याचे वाईट वाटते.

दर्यासारंग (हर्णै)

धाग्यात थोडा वेगळा मुद्दा आणतो, क्षमस्व. आमचा सुक्या मासळीचा व्यवसाय आहे आणि कोणाला पोटाचा कर्करोग झाला, की गावात पहिले बोट खाऱ्या मासळीकडे जाते. बांगडा, बोंबील, सोडे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खात आलो. त्यात तथ्य किती आहे, आणि आजार झाल्यावर ते खाणे बंद केल्याने आयुष्य वाढते का?

वाशिष्ठी (चिपळूण)

दर्यासारंगदादा, मिठात मुरवून टिकवलेले पदार्थ सतत आणि भरपूर खाण्याचा जठराच्या कर्करोगाशी संबंध असावा, असे आहाराचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था मानतात. उन्हात वाळवलेले, मीठ न लावलेले बोंबील आणि मिठात खारवलेला बांगडा यांना एकाच तागडीत घालू नये. भारतात हा कर्करोग सर्वाधिक मिझोराममध्ये आढळतो. तिथल्या अभ्यासांत खारवलेले व धुरावलेले पदार्थ आणि तंबाखूच्या धुराचे पाणी, ज्याला ते तुइबुर म्हणतात, यांचा संबंध दिसला. मात्र कारण वेगळे आणि आजार झाल्यानंतरचा अंदाज वेगळा. आजार झाल्यावर मासळी सोडल्याने आयुष्य वाढते, याला आधार नाही; उलट रुग्णाला प्रथिने हवीच असतात, तेव्हा ताजी मासळी सोसत असेल तर ती अवश्य द्यावी.

कारणांचाच विषय निघाला म्हणून गडनदीताईंच्या वडिलांसाठी एक गोष्ट सांगते. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ साली पहिल्या गटातील कर्ककारक म्हणून नोंदवले, आणि त्याचा शोध लावणाऱ्या वॉरन आणि मार्शल यांना २००५ साली नोबेल मिळाले. ज्यांच्या सख्ख्या नात्यात जठराचा कर्करोग आहे आणि ज्यांच्या पोटात हा जिवाणू आहे, अशा लोकांवर कोरियात चाचणी झाली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार औषधांचा कोर्स मिळालेल्यांपैकी १.२ टक्क्यांना, तर न मिळालेल्यांपैकी २.७ टक्क्यांना पुढे कर्करोग झाला. तुमचे वडील काकांचे सख्खे भाऊ आहेत. त्यांची आणि काकांच्या मुलांची ही तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.

कातळसडा (मूळ राजापूर, आता मुंबई)

मी कर्करोगावरील औषधोपचार करणारा डॉक्टर आहे. रुग्णाला न तपासता सल्ला देता येत नाही, हे आधी स्पष्ट करतो. तरीही कोणती तपासणी आधी, या प्रश्नाचे उत्तर काकांच्या वर्णनावरून बऱ्याच अंशी देता येते.

हर-२, पीडी-एल१ आणि क्लॉडिन यांचा निर्विवाद उपयोग आज मुख्यतः पसरलेल्या किंवा शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या आजारात आहे. उदाहरणार्थ, 'चेकमेट ६४९' या चाचणीत पीडी-एल१ चा सीपीएस ५ किंवा अधिक असलेल्या रुग्णांमध्ये केमोबरोबर निव्होलुमॅब दिल्यावर मध्यांक ११.१ वरून १४.४ महिन्यांवर गेला. सीपीएस म्हणजे रंग चढलेल्या गाठीच्या पेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज यांची एकत्र संख्या भागिले गाठीच्या सर्व जिवंत पेशी, गुणिले शंभर. क्लॉडिनच्या बाबतीत ७५ टक्के किंवा अधिक पेशींवर मध्यम ते गडद रंग असेल तरच गाठ सकारार्थी धरतात. चाचण्यांसाठी तपासलेल्यांपैकी साधारण ३८ टक्के रुग्ण तसे निघाले, आणि झोल्बेटुक्सिमॅबच्या 'स्पॉटलाइट' चाचणीत मध्यांक १५.५४ वरून १८.२३ महिन्यांवर गेला. हे सगळे फायदे खरे आहेत, पण ते काकांच्या टप्प्याचे नाहीत.

काकांचा आजार जठर आणि आसपासच्या ग्रंथींपुरता दिसतो. अशा रुग्णाला सामान्यतः आधी चार औषधांचे फ्लॉट हे केमो, मग शस्त्रक्रिया आणि मग पुन्हा केमो असा क्रम असतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत फ्लॉटने मध्यांक ३५ वरून ५० महिन्यांवर नेला, म्हणून ते प्रस्थापित झाले. सत्तरीपलीकडच्या माणसाला मात्र ते जड जाते. आणि नेमक्या या ठिकाणी एमएमआर निर्णायक ठरते.

आपल्या पेशी विभागताना डीएनएची नक्कल करण्यात ज्या चुका होतात, त्या दुरुस्त करणारी चार प्रथिने तपासतात: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. त्यांतले एखादे नाहीसे झाले असेल तर गाठीत चुकांचा ढीग साचतो आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला ती परकी म्हणून ओळखू येते. अशा गाठी वयस्क रुग्णांत, जठराच्या खालच्या भागात आणि इंटेस्टायनल प्रकारात जास्त आढळतात. काकांचे वर्णन या तिन्ही बाबतींत जुळते. अमेरिकेतील जीनोम अभ्यासात २०१४ साली २९५ गाठी तपासल्या गेल्या, त्यांत २२ टक्के अशा होत्या. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या चार मोठ्या चाचण्या एकत्र करून २०१९ साली जे विश्लेषण झाले, त्यात प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास होते. त्या विश्लेषणात या गटाचे पाच वर्षांचे जीवनमान ७७.५ टक्के, तर इतरांचे ५९.३ टक्के आढळले. म्हणजे आजाराचा कल मुळातच सौम्य. त्याहून महत्त्वाचे असे, की या गटाला शस्त्रक्रियेपलीकडे केमोचा वेगळा फायदा दिसला नाही, आणि त्या चारांपैकी 'मॅजिक' या चाचणीच्या फेरतपासणीत तर केमो मिळालेल्यांची स्थिती अधिक वाईट दिसली.

म्हणून पैसे एकाच तपासणीपुरते असतील तर एमएमआर आधी करा. ती साध्या आयएचसीने (ऊतीवर रंग चढवून प्रथिन पाहण्याच्या पद्धतीने) होते आणि चौघींत ती बहुधा सर्वांत स्वस्त पडते. बाकीच्या तपासण्यांसाठी ब्लॉक जपून ठेवा.

काजूबाग (सावर्डे)

डॉक्टरसाहेब, आमच्या एका नातेवाइकांना रक्तातूनच गाठीचा डीएनए पकडणारी महागडी तपासणी करून घ्या, म्हणजे बायोप्सीचीही गरज नाही, असे एका विक्री प्रतिनिधीने सांगितले. त्यात कितपत अर्थ आहे?

कातळसडा (मूळ राजापूर, आता मुंबई)

शस्त्रक्रियेनंतर रक्तात गाठीचा डीएनए सापडत राहिला तर आजार परतण्याचा धोका बराच वाढलेला असतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. भाकीत म्हणून ही तपासणी जोरकस आहे. परंतु ती सकारार्थी आल्यावर उपचार बदलले तर जठराच्या रुग्णाचे आयुष्य वाढते, असे अजून सिद्ध झालेले नाही. आणि निदानासाठी बायोप्सीला ती पर्याय नाही. कर्ज काढून ती करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेरेखोल (सावंतवाडी)

ब्लॉक नेण्याविषयी अनुभवाचे चार शब्द. ब्लॉक मेणाचा असतो, म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका. लहान डब्यात कापूस घालून तो हातातल्या पिशवीत ठेवा आणि मूळ अहवालाची प्रत सोबत असू द्या, कारण ब्लॉकवरचा क्रमांक आणि अहवालावरचा क्रमांक जुळला नाही तर परत फिरावे लागते. आम्ही तुतारी एक्स्प्रेसने गेलो होतो. ज्या प्रयोगशाळेकडून ब्लॉक घ्याल तिथून सही-शिक्क्याची पोच मागा, आणि तपासणी झाल्यावर उरलेला ब्लॉक आठवणीने परत घ्या. पुढच्या तपासण्यांसाठी त्याच ऊतीची गरज लागते. सरकारी आरोग्य योजनेत काय बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला तपासणीआधी विचारा, नंतर नव्हे.

वाशिष्ठी (चिपळूण)

यात माझी एक भर. बायोप्सीचे तुकडे निघाल्याबरोबर १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये पडले पाहिजेत आणि तिथे किमान सहा तास, जास्तीत जास्त ७२ तास राहिले पाहिजेत. सलाइनमध्ये ठेवलेले किंवा जोडून सुट्टी आली म्हणून आठवडाभर फॉर्मॅलिनमध्येच राहिलेले तुकडे माझ्याकडे आले आहेत. त्यांवर रंग नीट चढत नाही आणि नकारार्थी अहवालावर विश्वास ठेवता येत नाही. एंडोस्कोपी करण्याआधीच ही चौकशी केलेली बरी.

गडनदी (कणकवली)

सर्वांचे मनापासून आभार. आज एमएमआरचा अहवाल आला. त्यात एमएलएच१ आणि पीएमएस२ 'अनुपस्थित', तर एमएसएच२ आणि एमएसएच६ 'उपस्थित' असे आहे. हर-२ नकारार्थी आहे. पहिल्यांदा अनुपस्थित हा शब्द वाचून घरातले पुन्हा घाबरले. मी त्यांना कातळसडा डॉक्टरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. काकांनी स्वतः तो दोनदा वाचायला लावला आणि मग विचारले, म्हणजे केमो नको का?

कातळसडा (मूळ राजापूर, आता मुंबई)

ताई, काकांचा प्रश्न अगदी नेमका आहे, आणि तो त्यांनी मुंबईच्या डॉक्टरांना याच शब्दांत विचारावा. त्यांच्यासमोर साधारण तीन मार्ग मांडले जातील. एक, थेट शस्त्रक्रिया. दोन, फ्लॉट देऊन मग शस्त्रक्रिया. गाठ मोठी असेल आणि आधी आकुंचित करणे आवश्यक वाटले तर काही जण याचा विचार करतात. तीन, शस्त्रक्रियेआधी प्रतिकारशक्तीवर काम करणारी औषधे. फ्रान्समधील 'निओनिपिगा' या अभ्यासात अशाच ३२ रुग्णांना आधी निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब दिले. शस्त्रक्रिया झालेल्या २९ जणांपैकी १७ जणांच्या काढलेल्या जठरात कर्करोगाची एकही जिवंत पेशी उरली नव्हती. आकडा लहान आहे आणि औषधे अतिशय महाग आहेत, परंतु दुर्लक्ष करण्याजोगा हा निष्कर्ष नाही. कोणता मार्ग काकांना योग्य, हे सीटी, त्यांची प्रकृती आणि खर्च पाहूनच ठरेल. केमो सुरू होण्याआधी हा अहवाल डॉक्टरांच्या टेबलावर असला पाहिजे, एवढे मात्र कटाक्षाने पाहा.

सुरंगी (वेंगुर्ला)

गडनदीताई, काकांना आधी डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. माझे यजमान आम्हा सगळ्यांच्या समोर विचारायचे टाळत असत.

माडबन (राजापूर)

आणि वजनाचे काय झाले, ते कळवा.

गडनदी (कणकवली)

माडबन सर, गेल्या आठवड्यात वजन स्थिर आहे. दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खातात. पेज, अंडे आणि काटे काढलेली ताजी मासळी सोसते. सीईएची तपासणी आम्ही सध्या पुन्हा केलेली नाही. सुरंगीताई, तुमचे म्हणणे वडिलांना सांगितले आहे. वाशिष्ठीताई, एक शेवटचा प्रश्न: दुरुस्तीचे प्रथिन नाहीसे होणे हे काकांच्या मुलांमध्येही उतरते का?

वाशिष्ठी (चिपळूण)

या वयात एमएलएच१ आणि पीएमएस२ जोडीने नाहीसे झालेले दिसतात, तेव्हा बहुतेक वेळा कारण आनुवंशिक नसते. गाठीतल्या पेशींत एमएलएच१ जनुकाचा प्रारंभीचा भाग मिथायलेशनने (डीएनएवर रासायनिक खूण बसल्याने) बंद पडलेला असतो, आणि तो बदल त्या गाठीपुरताच राहतो. थोड्या कुटुंबांत मात्र लिंच सिंड्रोम नावाचा आनुवंशिक दोष निघतो. त्यासाठी त्याच ब्लॉकवर एमएलएच१ मिथायलेशनची तपासणी सांगावी. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात यासाठी बीआरएएफ जनुकातला बदल पाहतात, पण जठरात त्याचा उपयोग होत नाही. मिथायलेशन सापडले तर मुलांची काळजी मिटते, नाही सापडले तर जनुकीय समुपदेशकाची भेट घ्यावी लागेल. तेव्हा आजोळच्या आणि घरच्या बाजूला कोणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला होता का, कोणत्या वयात झाला होता, हे काकांकडून आत्ताच विचारून लिहून घ्या. आणि उरलेला ब्लॉक परत आला का, तेही सांगा.